कोरोनरविरुद्धची तक्रार आणि ओम्बुड्समनच्या अधिकारांच्या मर्यादा (इंग्लंड आणि वेल्स) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घरातलं कुणी अचानक गेलं, की पुढचे कित्येक महिने कोरोनरच्या कार्यालयाशी गाठ पडते. तिथे कुणी तोडून बोललं, फोनला उत्तर मिळेना, किंवा निष्कर्षच पटला नाही, की कुणीतरी हमखास सुचवतं : ‘ओम्बुड्समनकडे जा.’ ओम्बुड्समन म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणि मुलांना तिथे शिकायला पाठवलेल्या इथल्या आईवडिलांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते इथे घेतले आहेत. घाईत असाल तर आधी मुदतींचा प्रश्न वाचा. बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल, मुदती मात्र थांबत नाहीत.

कोरोनर म्हणजे नेमका कोण? पोलीस, डॉक्टर की सरकारी अधिकारी?

यांपैकी कुणीच नाही. कोरोनर हा न्यायाधीश असतो. ‘कोरोनर्स अँड जस्टिस ॲक्ट’ हा २००९ चा कायदा आहे, पण त्याचा कोरोनरसंबंधीचा मुख्य भाग जुलै २०१३ मध्ये लागू झाला. मृत्यू हिंसक किंवा अनैसर्गिक असल्याचा संशय असेल, कारण कळत नसेल, किंवा माणूस तुरुंगात, पोलीस कोठडीत वा अशाच सरकारी बंदिवासात गेला असेल, तर या कायद्याप्रमाणे कोरोनरला तपास करावाच लागतो.

उत्तरं चार प्रश्नांची शोधायची असतात : कोण गेलं, कधी, कुठे आणि कसं. ‘दोष कुणाचा’ हा प्रश्न त्या यादीत नाही. निष्कर्ष देताना एखाद्या माणसाचं नाव घेऊन त्याला गुन्हेगार ठरवणं किंवा कुणावर भरपाईची जबाबदारी टाकणं, दोन्हीला कायद्याने मनाई आहे. ‘कोरोनरने डॉक्टरला सोडून दिलं’ अशा पुष्कळ तक्रारी इथेच अडतात, कारण डॉक्टरला धरणं हे त्याचं कामच नसतं.

मग ओम्बुड्समन कोरोनरची चौकशी करू शकतो का?

थेट नाही. इंग्लंडमधला कुठलाही ओम्बुड्समन कोरोनरचा निष्कर्ष, त्याने कुठले साक्षीदार बोलावले, शवविच्छेदन करायचं ठरवलं की नाही, इन्क्वेस्ट (मृत्यूबद्दलची कोरोनरपुढची सुनावणी) कधी ठेवली, यांत हात घालू शकत नाही. काही ओम्बुड्समन कोरोनरच्या आजूबाजूच्या गोष्टी तपासू शकतात : काउन्सिलचा (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचा) कारभार, इस्पितळातले उपचार, किंवा कोरोनरविरुद्धची तक्रार कशी हाताळली गेली ते. हा फरक एकदा ध्यानात आला की निम्मा मनस्ताप वाचतो.

ओम्बुड्समन नक्की किती? आम्हाला प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो.

आपल्या कामाचे चार. पहिला, स्थानिक प्रशासन आणि सामाजिक सेवांचा ओम्बुड्समन. हा इंग्लंडमधल्या काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहतो. दुसरा, संसदीय आणि आरोग्यसेवा ओम्बुड्समन. केंद्र सरकारची खाती आणि इंग्लंडमधली एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) त्याच्याकडे आहेत. वेल्समध्ये या दोन्हींपैकी बरंचसं काम वेल्सचा सार्वजनिक सेवा ओम्बुड्समन करतो.

चौथा न्यायिक नेमणुका आणि वर्तन ओम्बुड्समन. तो २००५ च्या ‘कॉन्स्टिट्यूशनल रिफॉर्म ॲक्ट’मधून आला आणि २००६ पासून काम करतो आहे. कोरोनरच्या प्रकरणांत खरा संबंध याच्याशीच येतो, पण तोही तिसऱ्या पायरीवर. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

कोरोनरला पगार काउन्सिल देतं, नेमणूकही तेच करतं. मग काउन्सिलच्या ओम्बुड्समनला अधिकार का नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. सामान्य माणसाचा गोंधळ होईल अशीच ही व्यवस्था आहे. पत्राच्या माथ्यावर काउन्सिलचं बोधचिन्ह, ईमेलचा पत्ता काउन्सिलचा, बऱ्याचदा कार्यालयही काउन्सिलच्याच इमारतीत. कोरोनरची निवड काउन्सिल करतं (त्याला मुख्य कोरोनर आणि लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा मंत्री, यांची संमती लागते) आणि पगारही काउन्सिलच देतं. पण एकदा नेमल्यावर काउन्सिल त्याला कुठलाही हुकूम देऊ शकत नाही. काउन्सिलचा मुख्य अधिकारीसुद्धा ‘हे प्रकरण लवकर संपवा’ असं सांगू शकत नाही.

स्थानिक ओम्बुड्समनचे अधिकार १९७४ च्या ‘लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट’मधून येतात. त्याला काउन्सिलच्या प्रशासकीय कामातला गैरकारभार तपासता येतो. कोरोनरचं काम हे काउन्सिलचं प्रशासकीय काम नाही, ते न्यायाचं काम आहे. न्यायालयासमोरच्या कामकाजात लक्ष घालायलाही त्याच कायद्याने ओम्बुड्समनला मज्जाव केलेला आहे. म्हणजे दार दोन्हीकडून बंद.

एक फट मात्र उरते. एखादी गोष्ट काउन्सिलने काउन्सिल म्हणून केली असेल, तर तिची तक्रार करता येते. मृत्युनोंदणी कार्यालयाने चूक केली, तुमच्या पत्रांना काउन्सिलच्या तक्रार विभागाने उत्तरच दिलं नाही, अशी ती प्रकरणं. पण तीच गोष्ट ‘कोरोनरच्या सांगण्यावरून’ झाली असेल, तर ओम्बुड्समन मागे सरतो. म्हणून काउन्सिलला पहिलंच पत्र लिहिताना सरळ विचारून घ्या : हा निर्णय कोरोनरचा की काउन्सिलचा? उत्तर लेखी मागा. पुढची वाट त्यावरच ठरते.

राष्ट्रीय पातळीवरच्या न्यायालयीन कर्मचाऱ्यांची तक्रार संसदीय ओम्बुड्समनकडे जाते म्हणे. मग कोरोनरच्या कर्मचाऱ्यांची का नाही?

कारण कोरोनरची न्यायालयं केंद्राच्या न्यायालयीन सेवेचा भाग नाहीत, ती स्थानिक पातळीवर चालतात. इतर न्यायालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या कारभाराविरुद्ध खासदारामार्फत संसदीय ओम्बुड्समनपर्यंत जाता येतं. तो रस्ता इथे लागू होत नाही.

मग कोरोनरविरुद्ध तक्रार करायची तरी कुठे?

न्यायिक वर्तन चौकशी कार्यालयाकडे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला जेसीआयओ म्हणतात, २०१३ पासून ते याच नावाने चालतं. न्यायाधीश आणि कोरोनर यांच्या वैयक्तिक वर्तनाच्या तक्रारी तिथे जातात. तक्रार खरी ठरली तर लॉर्ड चॅन्सेलर आणि सरन्यायाधीश मिळून कारवाई ठरवतात : औपचारिक समज, औपचारिक ताकीद, ठपका, आणि टोकाच्या प्रकरणात पदावरून काढणं.

पण या कार्यालयापुढेही तीच भिंत आहे. ते ‘वर्तन’ पाहतं, ‘निर्णय’ पाहत नाही. नातेवाइकांच्या अर्जांना नकार मिळतो तो बहुतेक वेळा इथेच.

वर्तन आणि निर्णय यांत फरक कसा करायचा? आमच्या लेखी सगळं एकच आहे.

दुःखात असलेल्या माणसाला तो फरक कृत्रिमच वाटणार. तरी पत्र लिहिताना तो पाळावा लागतो. समजा, मुलाच्या इन्क्वेस्टनंतर बाबांनी असं लिहिलं :

‘कोरोनरने इस्पितळाच्या डॉक्टरांचंच ऐकलं. आमच्या साक्षीदाराला बोलावलं नाही. आईला बोलू दिलं नाही. निकाल आधीच ठरलेला होता.’

या चार वाक्यांतली पहिली दोन शुद्ध न्यायिक निर्णय आहेत. कुणाचा पुरावा मानायचा आणि कुणाला साक्षीला बोलवायचं हे कोरोनर ठरवतो. चौथं वाक्य गंभीर आहे, पण त्याला आधार दिलेला नाही. राहिलं तिसरं. ‘बोलू दिलं नाही’ एवढंच लिहिलं तर तो सुनावणी चालवण्याचा भाग मानला जाईल. पण तेच असं लिहिलं तर? ‘सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात आईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेव्हा कोरोनर आवाज चढवून म्हणाले की तुमचं इंग्रजी ऐकत बसायला मला वेळ नाही. लोक हसले. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.’ हे वर्तन झालं. दिवस आहे, वेळ आहे, शब्द आहेत, आणि खरं-खोटं तपासायला ध्वनिमुद्रण आहे.

ध्वनिमुद्रण हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. इन्क्वेस्टची सुनावणी ध्वनिमुद्रित करणं नियमानेच बंधनकारक आहे. त्याची प्रत कोरोनरच्या कार्यालयाकडे मागा, आणि ती हाती यायला वेळ लागला तरी तक्रार मुदतीत टाका. प्रत मागितली आहे एवढं त्यात नमूद करा.

वर्तनात मोडणाऱ्या गोष्टी साधारण अशा : अपमानास्पद किंवा वंश-धर्मावरून बोलणं, पदाचा गैरवापर, हितसंबंध लपवणं, सुनावणीबाहेर अशोभनीय वागणं. न मोडणाऱ्या : निष्कर्ष, साक्षीदारांची निवड, ज्युरी बसवायची की नाही, तारखा, कागदपत्रं द्यायची की नाही. उशीर या दोहोंच्या मध्ये लटकतो. सर्वसाधारण उशीर म्हणजे प्रकरण हाताळण्याचा भाग. पण महिनोन्महिने काहीच हालचाल नाही, पत्रांना उत्तर नाही आणि कारणही दिलेलं नाही, तर ते वर्तनाच्या कक्षेत येऊ शकतं.

न्यायिक वर्तन ओम्बुड्समन मग नेमकं काय करतो?

तो कोरोनरची चौकशी करत नाही. कोरोनरविरुद्धची तुमची तक्रार जेसीआयओने नीट हाताळली का, एवढंच तो पाहतो. आपल्याकडे बोर्डाच्या निकालानंतर गुणपडताळणी वेगळी आणि पुनर्मूल्यांकन वेगळं असतं. ओम्बुड्समनकडे फक्त गुणपडताळणी होते : सगळी उत्तरं तपासली का, बेरीज बरोबर आहे का. उत्तराला पाचाऐवजी आठ गुण द्यायला हवे होते, हे तो म्हणू शकत नाही. कायद्यात तसं स्पष्टच लिहिलं आहे : कुणाच्याही निर्णयाच्या गुणदोषांत त्याने जायचं नाही.

म्हणजे त्याच्यासमोर चालणारे मुद्दे असे : जेसीआयओने तक्रारीतला तिसरा मुद्दा वाचलाच नाही, ध्वनिमुद्रण ऐकायला हवं होतं, ते न ऐकताच तक्रार फेटाळली, ठरलेल्या नियमांप्रमाणे पायऱ्या पाळल्या नाहीत, अवास्तव उशीर लावला, निर्णयाचं कारणच दिलं नाही. ‘जेसीआयओने कोरोनरला पाठीशी घातलं’ हे वाक्य तिथे चालत नाही. ‘नियमानुसार चौकशी करायला हवी होती ती केली नाही, आणि हा त्याचा पुरावा’ हे चालतं.

आणि गैरकारभार सापडलाच, तर?

तर त्याच्या हातात बऱ्यापैकी अधिकार आहेत, हे सांगायला हवं. गैरकारभारामुळे जेसीआयओचा निर्णय विश्वासार्ह उरत नसेल, तर तो पूर्ण किंवा अंशतः रद्द करता येतो आणि तक्रार पुन्हा पाहायला लावता येते. भरपाईची शिफारसही करता येते. पण ती फक्त तक्रार चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे झालेल्या नुकसानीची. कोरोनरच्या मूळ वागण्यामुळे झालेल्या त्रासाची भरपाई त्याला सुचवता येत नाही.

कोरोनरला शिक्षा करणं, इन्क्वेस्ट पुन्हा घ्यायला लावणं, मृत्युनोंदीतलं कारण बदलणं, यांतलं काहीही त्याच्या हातात नाही. आणखी एक गोष्ट कळली की लोक नाराज होतात : अहवाल अंतिम होण्याआधी त्याचा मसुदा लॉर्ड चॅन्सेलर आणि सरन्यायाधीश यांना दाखवावा लागतो. ज्यांच्या नावाने मूळ शिस्तभंगाची यंत्रणा चालते, त्यांनाच आधी मसुदा! माझ्या मते हे दिसायला बरं दिसत नाही. पण कायद्यात तसंच आहे.

या ओम्बुड्समनच्या नावात ‘नेमणुका’ हाही शब्द आहे. पण कोरोनरची नेमणूक काउन्सिल करत असल्यामुळे, ‘या माणसाला कोरोनर केलंच कसं’ ही तक्रार या भागात बसत नाही.

मुदती कोणत्या?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो विचारला जातो सगळ्यात शेवटी.

जेसीआयओकडे तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत जायला हवी. उशिराची तक्रार सबळ कारण असेल तरच घेतली जाते. जेसीआयओचा निर्णय कळल्यापासून २८ दिवसांत न्यायिक वर्तन ओम्बुड्समनकडे जायचं. त्याला ही मुदत वाढवण्याचा अधिकार आहे, पण त्या भरवशावर राहू नका. स्थानिक ओम्बुड्समन आणि आरोग्यसेवा ओम्बुड्समन यांच्याकडे साधारण १२ महिने मिळतात. ते गोष्ट तुम्हाला कळल्यापासून मोजतात, आणि आधी संबंधित संस्थेकडे तक्रार करून तिचं उत्तर घेतलेलं असावं लागतं.

आता खरी मेख. कोरोनरचा निर्णय उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनासाठी (तो कायद्याला धरून होता का, हे तपासून घेण्यासाठी) न्यायचा, तर मुदत आहे ‘तत्परतेने, आणि काही झालं तरी ३ महिन्यांच्या आत’. तुम्ही जेसीआयओकडे गेलात म्हणून ती थांबत नाही. ओम्बुड्समनकडे गेलात म्हणूनही नाही. चांगली शिकलीसवरलेली, कागदपत्रं जपून ठेवणारी माणसं इथे फसतात. आधी तक्रारीचं उत्तर येऊ दे, मग बघू म्हणून थांबतात. पाचव्या महिन्यात जेसीआयओचं पत्र येतं की हा न्यायिक निर्णय आहे, तुम्ही न्यायालयात जायला हवं होतं. तेव्हा न्यायालयाची मुदत उलटून गेलेली असते.

म्हणून तक्रारीचा अर्ज भरण्याआधी ठरवा : तुम्हाला निष्कर्ष बदलून हवा आहे, की वागणुकीची दखल घ्यायला हवी आहे? निष्कर्ष बदलायचा असेल तर पहिल्या आठवड्यातच वकिलाला गाठा. दोन्ही हवं असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.

निष्कर्षाविरुद्ध अपील नाही का?

नाही. होणार होतं. २००९ च्या कायद्यात मुख्य कोरोनरकडे अपील करण्याची तरतूद होती, कलम ४० मध्ये. ती कधी लागूच झाली नाही, आणि २०११ च्या ‘पब्लिक बॉडीज ॲक्ट’ने काढूनही टाकली. ती राहिली असती तर आज ओम्बुड्समनच्या दारात चुकून पोचणारे पुष्कळ लोक तिथे गेले असते. मुख्य कोरोनर आजही आहे, मार्गदर्शक सूचना काढतो, वर्षभराहून जास्त रखडलेल्या तपासांची माहिती त्याला कळवावी लागते. पण एखाद्या प्रकरणातला निर्णय तो फिरवू शकत नाही आणि त्याच्याकडे शिस्तभंगाचीही सत्ता नाही.

उरले दोन मार्ग. एक न्यायिक पुनर्विलोकन. दुसरा १९८८ च्या जुन्या कोरोनर कायद्यातलं कलम १३, जे अजून जिवंत आहे. ॲटर्नी जनरलची (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची) परवानगी मिळाली, तर त्याखाली उच्च न्यायालय इन्क्वेस्ट रद्द करून नव्याने घ्यायचा आदेश देऊ शकतं. कारणं व्यापक आहेत : अपुरी चौकशी, अनियमितता, पुरावा नाकारणं, फसवणूक, नंतर समोर आलेली नवी माहिती. नवी इन्क्वेस्ट न्यायाच्या दृष्टीने आवश्यक किंवा इष्ट आहे, हे पटवावं लागतं. या मार्गाला कायद्याने ठरलेली मुदत नाही.

हिल्सबरो दुर्घटनेचं प्रकरण याच मार्गाने गेलं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे फुटबॉल चाहते चेंगरले. १९९१ मध्ये ज्युरीने ‘अपघाती मृत्यू’ म्हटलं. कुटुंबं न्यायालयात गेली, १९९३ मध्ये हरली. पुढे स्वतंत्र समितीने दडलेली कागदपत्रं उघड केली, तेव्हा ॲटर्नी जनरलने स्वतः अर्ज केला आणि डिसेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने जुने निष्कर्ष रद्द केले. वॉरिंग्टनला २०१४ पासून नवी सुनावणी चालली. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने ९६ जणांचा मृत्यू बेकायदेशीर वधामुळे झाल्याचा निष्कर्ष दिला. या सगळ्यात निष्कर्ष बदलण्याचं काम कुठल्याही ओम्बुड्समनकडे नव्हतं, असूही शकत नव्हतं.

देह ताब्यात मिळत नाही. अंत्यसंस्कार खोळंबले आहेत. तक्रारीने काही होईल का?

तातडीच्या कामासाठी तक्रार हा मार्गच नव्हे, मग ती जेसीआयओकडे असो वा ओम्बुड्समनकडे. उत्तर यायला महिने लागतात. नियम सांगतो की देह शक्य तितक्या लवकर सोडायला हवा, आणि २८ दिवसांत तो सोडता येत नसेल तर कोरोनरने नातेवाइकांना कारण कळवायला हवं. या नियमाचा हवाला देऊन लेखी विचारा. शवविच्छेदन आटोपलं असेल आणि फौजदारी तपास नसेल, तर इन्क्वेस्ट पुढे चालू राहूनही देह बऱ्याचदा आधीच सोडला जातो.

धर्माच्या कारणाने घाई असेल तर २०१८ चा एक निकाल जवळ ठेवा. इनर नॉर्थ लंडनच्या कोरोनर कार्यालयाने असं धोरण केलं होतं की कुठल्याही मृत्यूला धर्मामुळे अग्रक्रम द्यायचा नाही. ‘अदाथ यिस्रोएल बरियल सोसायटी’ या ज्यू दफन संस्थेने ते आव्हानित केलं. एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदेशीर ठरवलं. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करण्याचा ताठर नियम चालणार नाही, कुटुंबाच्या श्रद्धेचा विचार करायला हवा, असं त्यातून ठरलं. प्रत्येक वेळी अग्रक्रम मिळेलच असा याचा अर्थ नाही, पण ‘आमच्याकडे तसा विचारच होत नाही’ हे उत्तर आता देता येत नाही. हिंदू कुटुंबांनाही हे तितकंच लागू आहे.

देह भारतात न्यायचा असेल तर त्याची सूचना कोरोनरला द्यावी लागते आणि त्याची लेखी पोच लागते. हे काम फ्युनरल डायरेक्टर (अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक) करतो. मृत्युनोंदणी इन्क्वेस्टनंतरच होते, पण तोवर बँक, विमा वगैरेंसाठी कोरोनरकडून तात्पुरतं मृत्यूचं प्रमाणपत्र मिळतं. ते मागून घ्या, पुष्कळांना ते माहीत नसतं.

कोरोनरच्या ऑफिसरची तक्रार वेगळी असते का?

हो. तुमच्याशी फोनवर बोलणारी व्यक्ती बहुधा कोरोनर नसून ‘कोरोनर्स ऑफिसर’ असते. ती न्यायाधीश नाही, त्यामुळे जेसीआयओ तिची तक्रार घेत नाही. काही भागांत हे ऑफिसर पोलिसांचे नोकर असतात, काही ठिकाणी काउन्सिलचे. आधी कोरोनरला लिहा, मग ज्याचा नोकर त्याच्याकडे. पोलिसांचा असेल तर पोलीस दलाच्या तक्रार विभागाकडे. काउन्सिलचा असेल तर काउन्सिलकडे, आणि समाधान न झाल्यास स्थानिक ओम्बुड्समनकडे. मात्र ‘ऑफिसरने कोरोनरच्या सूचनेप्रमाणे केलं’ असं उत्तर आलं, की आपण पुन्हा वर सांगितलेल्या भिंतीपाशी.

मुलाचे आईवडील भारतात आहेत. तिकडे त्याचा मामा आहे. तो तक्रार करू शकतो का?

वर्तनाची तक्रार करायला ठरावीक नात्याची अट नाही. पण इन्क्वेस्टमध्ये प्रश्न विचारणं, कागदपत्रं मागणं हे अधिकार ‘इंटरेस्टेड पर्सन’ म्हणून मान्य झालेल्यांनाच मिळतात. कायद्यातल्या यादीत जोडीदार, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, आजीआजोबा, नातवंडं, भावाबहिणीची मुलं, सावत्र आईवडील, सावत्र भावंडं आहेत. काका, मामा, मावशी, आत्या नाहीत. चुलत-मावस भावंडंही नाहीत. आपल्याकडे मुलाला तिकडे पाठवताना ‘मामा आहे ना’ म्हणून निश्चिंत होतो, आणि नेमका तोच मामा कायद्याच्या यादीबाहेर!

उपाय दोन. पुरेसा संबंध दाखवला तर कोरोनर इतरांनाही मान्यता देऊ शकतो. मामाने तसा लेखी अर्ज करावा. किंवा आईवडिलांनी आपण स्वतः इंटरेस्टेड पर्सन असल्याचं कळवून मामाला आपल्या वतीने पत्रव्यवहाराचं लेखी अधिकारपत्र द्यावं. दुसरा उपाय सोपा. अधिकारपत्र पहिल्याच आठवड्यात पाठवा.

इन्क्वेस्ट अजून चालू आहे आणि कोरोनर पक्षपाती वाटतो. आत्ताच तक्रार करू?

पक्षपाताची शंका असेल तर आधी कोरोनरलाच, कारणं देऊन, या प्रकरणातून बाजूला होण्याची लेखी विनंती करा. ती नाकारली तर तो निर्णय पुनर्विलोकनासाठी नेता येतो. शिस्तभंगाच्या तक्रारीने चालू सुनावणी थांबत नाही.

माहितीच्या अधिकाराखाली कागदपत्रं काढता येतील?

कोरोनर त्या कायद्याखाली येत नाही. इंटरेस्टेड पर्सन म्हणून थेट कोरोनरकडे मागा. तो अधिकार जास्त मोठा आहे. काउन्सिलकडे असलेली काउन्सिलची स्वतःची कागदपत्रं मात्र या कायद्याखाली मागता येतात.

खरी चूक इस्पितळाची होती असं आम्हाला वाटतं.

मग कोरोनरविरुद्धच्या तक्रारीत शक्ती घालवू नका. आधी इस्पितळाकडे तक्रार, मग आरोग्यसेवा ओम्बुड्समन. त्यासाठी खासदाराची शिफारस लागत नाही. इथे ओम्बुड्समनला खरोखर दात आहेत : तो उपचारांचा दर्जा तज्ज्ञांकडून तपासून घेऊ शकतो आणि भरपाई सुचवू शकतो. कोरोनरलाही इथे उपयोगाचा एक अधिकार आहे. पुढचे मृत्यू टळावेत म्हणून तो इस्पितळाला किंवा खात्याला अहवाल पाठवतो, आणि त्यांना ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सुनावणीच्या शेवटी असा अहवाल काढण्याची विनंती कुटुंबाला करता येते. पुष्कळ कुटुंबांना निष्कर्षापेक्षा हाच कागद जास्त मोलाचा वाटतो.

खर्च किती येतो?

जेसीआयओ आणि सगळे ओम्बुड्समन मोफत, वकीलही लागत नाही. न्यायिक पुनर्विलोकन महाग आहे, आणि हरल्यास समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. आधी सल्ला घ्या.

स्कॉटलंडमध्येही असंच आहे का?

स्कॉटलंडमध्ये कोरोनर नाहीच. तिथे प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी वकील मृत्यूचा तपास करतो. उत्तर आयर्लंडमध्ये कोरोनर आहेत, पण त्यांचा कायदा १९५९ चा आणि वेगळा आहे. वरच्या मुदती आणि संस्था तिथे लागू धरू नका.

मुंबईतही कोरोनर होता ना? आता अशी तक्रार आपल्याकडे कुठे करायची?

होता. १८७१ च्या कायद्याखाली मुंबई आणि कोलकात्यात कोरोनर होता, आणि मुंबईतलं पद १९९९ मध्ये बंद झालं. आता मुंबईतही उरलेल्या महाराष्ट्रासारखंच, संशयास्पद मृत्यूचा पंचनामा आणि तपास पोलीस करतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतो, त्यासाठी कलम १९६ आहे. पोलिसांच्या कामाबद्दल वरिष्ठांकडे किंवा मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं. लोकायुक्ताची कक्षा प्रशासनापुरती आहे, न्यायाधीशांचे निर्णय त्याच्याकडेही नेता येत नाहीत. त्यासाठी वरचं न्यायालयच.

भारतात झालेल्या मृत्यूची चौकशी इंग्लंडचा कोरोनरही करू शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. देह इंग्लंड-वेल्समध्ये परत नेला आणि मृत्यू अनैसर्गिक असल्याचा संशय असेल, तर जिथे देह असेल तिथल्या कोरोनरवर तपासाची जबाबदारी येते. सुट्टीवर नागपूरला किंवा गोव्याला आलेल्या माणसाचा अपघाती मृत्यू होऊन देह तिकडे नेला, तर ही वेळ येऊ शकते. भारतातून निघतानाच शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा आणि एफआयआर असल्यास तिची प्रत, यांच्या साक्षांकित प्रती आणि इंग्रजी भाषांतरं सोबत ठेवा.